फंक संगीत आणि गे संस्कृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फंक म्हणजे नक्की कुठलं संगीत?

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेलं नाचाचं संगीत. जेम्स ब्राउनची १९६५ आणि १९६७ची रेकॉर्डिंग्ज ही त्याची सुरुवात मानतात. त्याआधीच्या सोल संगीतात गाण्याची चाल महत्त्वाची होती. फंकमध्ये चाल मागे गेली, सुरावटींचे बदल जवळजवळ थांबले आणि बँडमधलं प्रत्येक वाद्य तालवाद्यासारखं वाजू लागलं. गिटार तारा दाबून नुसती खरखर काढते, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) एक फटका मारून गप्प होतो आणि बेस गिटार मुद्दाम जागा सोडते.

जेम्स ब्राउन वादकांना एकच गोष्ट बजावायचा: मात्रा पहिली, जोर तिथे. तबला ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल, कारण ही समच आहे. चार ठोक्यांच्या एका आवर्तनात सोळा छोटे भाग पडतात, पहिल्यावर सगळे एकत्र येतात आणि उरलेल्या पंधरा भागांत जो तो आपापली वाट काढतो. तीनतालाच्या तुलनेत फरक इतकाच की सम दर दोन-अडीच सेकंदांनी येते आणि तिची वाट पाहायला लावत नाहीत.

मग यात गे संस्कृतीचा संबंध कुठे आला?

फंक हे गे संगीत म्हणून जन्मलं नाही. ते करणारे बहुतेक पुरुष भिन्नलिंगी होते आणि गाण्यांमधला पुरुषीपणा काही वेळा बटबटीतच होता. संबंध आला तो नाचणाऱ्यांकडून. १९७० ते १९८० या काळात न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचघरांत जमणारे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे पुरुष, आणि त्यांच्यासाठी रेकॉर्ड्‌स लावणारे डीजे, यांनी फंकमधलं काय उचलायचं, काय ताणायचं आणि काय सोडून द्यायचं ते ठरवलं. डिस्को, हाउस (शिकागोत ड्रम मशीन जोडून घडलेलं नाचाचं संगीत), बारा इंची रेकॉर्ड आणि रिमिक्स हे सगळं त्या निवडीतून आलं. म्हणून ‘कोणता फंक कलाकार गे होता?’ हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आमच्या मते सर्वात कमी उपयोगाचा आहे. त्यापेक्षा कोणतं गाणं कुठल्या फ्लोअरवर, म्हणजे नाचघरात, टिकलं आणि का, हे पाहिलं की जास्त हाती लागतं.

पण फंकच्या आधीच एक क्वीअर माणूस मुळाशी होता म्हणतात, ते कोण?

लिटल रिचर्ड. डोळ्यांत काजळ, उंच फुगवलेले केस आणि चिरकत वर जाणारा आवाज घेऊन तो १९५५ मध्ये देशभर गाजला. ज्या गाण्याने गाजला त्याचे मूळ शब्द गे संभोगाबद्दलचे आणि अश्लील होते. न्यू ऑर्लीन्सच्या स्टुडिओत डोरोथी लाबोस्ट्रीकडून ते सोवळे करून घेतले गेले. त्याच्या ‘द अपसेटर्स’ या बँडने तालात फंक पहिल्यांदा आणला असं श्रेय खुद्द जेम्स ब्राउनने दिलं आहे. १९५७ मध्ये लिटल रिचर्डने धर्माकडे वळून दौरा सोडला, तेव्हा उरलेल्या काही कार्यक्रमांत त्याच्या जागी जेम्स ब्राउन उभा राहिला. पुढे लिटल रिचर्डने स्वतःला कधी गे म्हटलं, कधी ते नाकारलं आणि पापही ठरवलं. त्याच्यावर एकच शिक्का मारायला जाऊ नये.

न्यू यॉर्कमध्ये नेमकं काय बदललं?

१९६०च्या दशकात पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं हे पोलिसांना धाड घालायला पुरेसं निमित्त होतं. स्टोनवॉल इन हा बार लोकप्रिय असण्याचं मोठं कारण म्हणजे तिथे ज्यूकबॉक्स होता आणि नाचू दिलं जायचं. २८ जून १९६९ च्या पहाटे तिथे पोलिसांची धाड पडली आणि त्यावरून दंगल झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत गे पुरुषांची नाचघरं उघडपणे चालू लागली.

यातल्या दोन जागा संगीताच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली सॅंक्च्युअरी, पश्चिम ४३व्या रस्त्यावरच्या जुन्या जर्मन बाप्टिस्ट चर्चमध्ये. तिथला डीजे फ्रान्सिस ग्रासो रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायचा, खालची तबकडी फिरती ठेवायचा आणि बरोबर ठोक्यावर बोट सोडायचा. दोन गाण्यांचे ठोके जुळवून नाच न थांबवता पुढे जाणं हे तंत्र त्यानेच रुळवलं.

दुसरी जागा म्हणजे ६४७ ब्रॉडवेवरचं डेव्हिड मॅनक्युसोचं घर, ‘द लॉफ्ट’. पहिली पार्टी १४ फेब्रुवारी १९७० ची. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश आणि दारूविक्री नाही, त्यामुळे बारचे नियम लागू होत नसत. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गोरे, गे आणि इतर, सगळे एकाच खोलीत यायचे. मॅनक्युसो पुढे तर दोन गाणी एकमेकांत मिसळणंही बंद करून रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू लागला. त्याला मिक्सपेक्षा ध्वनीची शुद्धता महत्त्वाची वाटायची. डीजे मंडळींना हे पटत नाही, पण चांगल्या स्पीकरवर ऐकलं की त्याचं म्हणणं कळतं.

गे फ्लोअरने एखादं गाणं हिट केलं याचं ठोस उदाहरण आहे का?

आहे. कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो याने १९७२ मध्ये आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी एक गाणं केलं. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘सोल मकोसा’ होतं: कॅमेरूनचा मकोसा ताल, त्यावर फंकचा बेस आणि ब्रास. मॅनक्युसोला ती फ्रेंच छापाची प्रत ब्रुकलिनमधल्या कॅरिबियन रेकॉर्डच्या दुकानात सापडली. लॉफ्टमधल्या नाचणाऱ्यांनी ती उचलली, मग डब्ल्यूबीएलएस रेडिओवर फ्रँकी क्रॉकर ती वाजवू लागला. शहरात प्रती मिळेनात, म्हणून इतर बँड घाईघाईने नकला काढू लागले. शेवटी अटलांटिक कंपनीने हक्क घेतले आणि १९७३ मध्ये हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत गेलं. रेडिओच्या आधी नाचघर, हा क्रम तोवर कोणी गृहीत धरलेला नव्हता.

फंक आणि डिस्को कानाने वेगळे कसे ओळखायचे?

आधी फक्त बास ड्रम ऐका, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. तो पहिल्या मात्रेवर जोरात आणि मग आडवातिडवा येत असेल तर फंक. चारही मात्रांवर सारखा येत असेल तर डिस्को.

मग हाय-हॅट, म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या दोन झांजा. फंकमध्ये त्या बहुधा मिटलेल्या असतात आणि बारीक टिकटिक चालू राहते. डिस्कोत दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये त्या उघडतात आणि ‘त्स्स’ असा आवाज येतो. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत ड्रमर अर्ल यंगने १९७३ मध्ये हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांच्या एका रेकॉर्डिंगमध्ये हे दोन्ही एकत्र वाजवले. डिस्कोचा साचा तिथून धरतात.

बेसमध्ये फंकवाला जागा सोडतो किंवा अंगठ्याने तार आपटतो. ती पद्धत स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या लॅरी ग्रॅहमची. डिस्कोचा बेस पुष्कळदा एकच स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात आलटून पालटून वाजवतो.

घोटाळा होतो तो शीकसारख्या बँडमध्ये. पाय, म्हणजे बास ड्रम, डिस्कोचा, पण नाइल रॉजर्सची गिटार आणि बर्नार्ड एडवर्ड्‌सचा बेस अस्सल फंकचा. अशा गाण्यांना एकाच खान्यात बसवायचा आटापिटा करू नका. दोन्ही कपाटांत ठेवा.

चार सारखे ठोके गे नाचघरांना का आवडले?

याला ‘स्वभाव’ वगैरे कारणं जोडणारे लेख दिसतील, ते सोडून द्या. कारण व्यवहारातलं आहे. रात्रभर अखंड नाच हवा असेल तर डीजेला एका गाण्यातून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे. आडव्या ठोक्यांची दोन फंक गाणी एकमेकांवर ठेवली की गोंधळ होतो. सरळ चार ठोक्यांची ठेवली की बसतात. शिवाय या फ्लोअरवर जोडीने नाचायचा नियम नव्हता. शेकडो लोक एकटे, पण एकत्र नाचत होते आणि सगळ्यांना एकच ठोका सापडणं गरजेचं होतं.

बारा इंची रेकॉर्डची इतकी चर्चा का?

सात इंची रेकॉर्डवर मोठ्या आवाजात जेमतेम तीन-चार मिनिटं मावतात. बेस जितका जड तितकी खाच रुंद हलते आणि जागा खाते. गाणं लांबवलं तर खाचा जवळ घ्याव्या लागतात, म्हणजे आवाज कमी करावा लागतो, नाहीतर सुई उडते. नाचणाऱ्यांना मात्र लांबी आणि बेस दोन्ही हवं होतं.

टॉम मोल्टन हा गृहस्थ न्यू यॉर्कजवळच्या फायर आयलंड या गे लोकांच्या आवडत्या सुटीच्या बेटावरच्या सँडपायपर बारसाठी टेप कापून, जोडून अखंड फिती बनवायचा. पुढे कंपन्या त्याला गाणी लांबवायला देऊ लागल्या. ब्रुकलिनच्या बी. टी. एक्स्प्रेस या फंक बँडचं तीन मिनिटांचं गाणं त्याने जवळजवळ सहा मिनिटांचं केलं आणि १९७४ मध्ये ते बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकाला गेलं. एकदा नमुना प्रत कापताना स्टुडिओत सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. मोठ्या तबकडीवर खाचा पसरून, आवाज वाढवून कापलं आणि फरक इतका जाणवला की मागे वळायचा प्रश्नच उरला नाही. बाजारात विकायला आलेली पहिली बारा इंची म्हणजे सॅल्सोल कंपनीची १९७६ ची ‘टेन पर्सेंट’, बँड डबल एक्स्पोजर. मिक्स वॉल्टर गिबन्स या गे डीजेचा, लांबी नऊ मिनिटांहून जास्त.

सिल्व्हेस्टर कोण होता?

या विषयावर एकाच माणसाचं संगीत ऐकणार असाल तर याचं ऐका. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ६ सप्टेंबर १९४७ ला जन्म, पेंटेकोस्टल चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा. सॅन फ्रान्सिस्कोत कॉकेट्स या रंगमंच गटात आला आणि १९७३ मध्ये ‘हॉट बँड’ घेऊन रॉक व फंक मिसळलेल्या दोन तबकड्या काढल्या, त्या चालल्या नाहीत. मग मार्था वॉश आणि इझोरा रोड्‌स या दोन दणदणीत आवाजाच्या गायिका साथीला आल्या.

१९७८ चं ‘यू मेक मी फील (मायटी रियल)’ मूळ संथ, गॉस्पेलच्या (कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) अंगाचं गाणं होतं. गिटारवादक जेम्स विरिकबरोबर ते बांधलं गेलं आणि तालमीत पॅट्रिक काउलीने ऐकलं. काउली सिंथेसायझरवाला. त्याने धावता इलेक्ट्रॉनिक बेस दिला आणि गाणं मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांवर गेलं. बँडचं फंक आणि यंत्राचा ठोका यांच्यामधली नेमकी शिवण ऐकायची असेल तर ती इथे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते जतनाच्या यादीत घेतलं.

सिल्व्हेस्टर स्कर्ट, सूट, दागिने जे वाटेल ते घालायचा आणि मुलाखतीत आपण गे आहोत हे झाकायचा नाही. ११ मार्च १९७९ ला तो शहराच्या ऑपेरा हाउसमध्ये गायला. १६ डिसेंबर १९८८ ला एड्‌सने गेला, आणि गाण्यांच्या पुढच्या मानधनाचे हक्क शहरातल्या एड्‌सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांना देऊन गेला. योगायोग असा की ज्या ६ सप्टेंबरला त्याचा जन्म, त्याच तारखेला २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळलं.

फंक बँडचे ते चंदेरी, अंतराळातले कपडे कुठून आले?

बराचसा भाग लॅरी लेगास्पी या गे डिझायनरकडून. त्याने आधी लाबेल या तीन गायिकांच्या बँडला चंदेरी चिलखतासारखे पोशाख आणि पिसं दिली, नंतर किस हा रॉक बँड आणि पार्लमेंट या फंक बँडचा प्रमुख जॉर्ज क्लिंटन याच्या मंडळींसाठीही काम केलं. ६ ऑक्टोबर १९७४ ला लाबेलने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये कार्यक्रम केला, तेव्हा प्रेक्षकांनाही चंदेरी घालून यायला सांगितलं होतं आणि गे चाहते हौसेने नटून आले. याच सुमाराला त्यांचं ‘लेडी मार्मलेड’ आलं. न्यू ऑर्लीन्समध्ये ॲलन तुसाँने केलेलं आणि तिथल्या ‘द मीटर्स’ या फंक बँडच्या वादकांनी वाजवलेलं हे गाणं मार्च १९७५ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातली नोना हेंड्रिक्स ही बहुतेक गाणी लिहिणारी सभासद उघडपणे बायसेक्शुअल आहे.

‘आय वॉज बॉर्न धिस वे’ हे गाणं फंक आहे की डिस्को?

ताल डिस्कोचा, गळा चर्चचा. बनी जोन्स यांनी शब्द लिहिले, १९७५ मध्ये व्हॅलेंटिनो नावाच्या गायकाने आधी गायलं. १९७७ मध्ये मोटाउन या कृष्णवर्णीय संगीताच्या बड्या रेकॉर्ड कंपनीने कार्ल बीनकडून पुन्हा गाऊन घेतलं आणि ते चाललं. मी गे आहे आणि असाच जन्मलो, असं आडपडदा न ठेवता सांगणारं गाणं मोटाउनसारख्या कंपनीने काढणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बीनने पुढे गायन बाजूला ठेवून लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय एड्‌सग्रस्तांसाठी संस्था आणि एक चर्च उभं केलं.

फंकवाले डिस्कोच्या विरोधात होते ना? तो गे-द्वेष होता का?

विरोध होता, पण त्याचे थर वेगळे काढावे लागतात. जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंटने १९७७ मध्ये एक अख्खी तबकडी डिस्कोच्या थट्टेवर बेतली. त्यातला खलनायक सर नोज नाचायलाच नकार देतो. क्लिंटनची तक्रार गे लोकांबद्दल नव्हती. कंपन्या नाचाच्या संगीताला पाणी घालून विकतात ही होती. दुसरा थर पोटापाण्याचा. दहा-बारा जणांचा फंक बँड पोसणं महाग, त्यापेक्षा एक निर्माता, स्टुडिओतले वादक आणि एक गायिका स्वस्त पडायची. बँडवाल्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी ‘डिस्कोने फंकला बायकी केलं’ अशी भाषा तेव्हाही होती, आजही दिसते. तो मात्र संगीताबद्दलचा मुद्दा नाही, आणि तसा समजून त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

१२ जुलै १९७९ ला शिकागोत काय झालं?

कोमिस्की पार्क स्टेडियमवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल या रॉक रेडिओच्या निवेदकाने डिस्को रेकॉर्ड्‌सचा स्फोट घडवला. रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला तिकीट ९८ सेंट. सुमारे ५०,००० लोक जमले, स्फोटानंतर हजारो मैदानात घुसले, मैदान खराब झालं आणि दुसरा सामना यजमानांना सोडून द्यावा लागला.

विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने नंतर सांगितलं की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्को नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय कलाकारांच्या कित्येक रेकॉर्ड्‌स होत्या, त्यात फंकही आलं. डाल म्हणतो की त्यात द्वेष नव्हता, गंमत होती. पाच वर्षांनी, १९८४ मध्ये, हाच लॉरेन्स जेसी साँडर्ससोबत ‘ऑन अँड ऑन’च्या निर्मितीत होता. हाउस संगीताची पहिली छापील रेकॉर्ड म्हणून बरेच जण तिच्याकडे बोट दाखवतात.

हाउस संगीत यात कसं बसतं?

स्फोटानंतर कंपन्यांनी ‘डिस्को’ हा शब्दच टाकला, पण शिकागोत २०६ साउथ जेफरसन रस्त्यावरचं ‘द वेअरहाउस’ चालूच होतं. तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे तरुण यायचे आणि न्यू यॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स रेकॉर्ड्‌स लावायचा. नवी डिस्को गाणी येणं कमी झाल्यावर त्याने जुनी फिलाडेल्फिया आणि फंक गाणी टेपवर कापून त्यातले तालाचे तुकडे लांबवले, पुढे ड्रम मशीन जोडलं. न्यू यॉर्कमध्ये त्याचा जुना मित्र लॅरी लेव्हान ८४ किंग रस्त्यावरच्या पॅराडाइज गराजमध्ये १९८७ पर्यंत हेच वेगळ्या चवीने करत होता. तिथे फंक कधी बाहेर गेलंच नाही. वेअरहाउसच्या इमारतीला २०२३ मध्ये शिकागो शहराने वारसा दर्जा दिला.

प्रिन्स गे होता का?

नाही. पण १९८० ते १९८४ च्या प्रिन्सने उंच टाचा, लेस आणि फॉल्सेटो, म्हणजे बायकांसारख्या उंच आवाजातलं, गाणं घेऊन फंकमधला मर्दपणाचा ठोकळा मोडला, आणि त्याची किंमतही मोजली. ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सच्या आधी गायला उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांनी वस्तू फेकून त्याला उतरवलं. त्याच्या बँडमधल्या वेंडी मेल्व्हॉइन आणि लिसा कोलमन या दोघी तेव्हा जोडीदार होत्या. हे त्यांनी जाहीरपणे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. उत्तरायुष्यात प्रिन्स यहोवाज विटनेस पंथात गेला आणि त्याची मतं पुष्कळ जुनाट झाली. चाहत्यांना हे बोचतं, पण म्हणून आधीचं संगीत बदलत नाही.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला. त्याचा फंकशी काही संबंध?

आहे, आणि तो भक्कम आहे. झांझिबारच्या पारशी घरातला फारूख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता आणि तिथे ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे त्याच्या क्वीन या रॉक बँडचा बेसवादक जॉन डीकन न्यू यॉर्कला शीकच्या स्टुडिओत वेळ घालवून आला आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चा बेस घेऊन आला. ऑक्टोबर १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मिनिटाला ११० ठोके, पहिल्या मात्रेवर आपटून मग मोकळी जागा: हे सरळसरळ फंक आहे.

त्यानंतरची १९८२ ची ‘हॉट स्पेस’ ही तबकडी म्युनिकच्या गे नाचघरांत मर्क्युरीने काढलेल्या रात्रींचा ठसा घेऊन आली. रॉक चाहत्यांनी नाकं मुरडली. आमच्या मते तिची अडचण फंक असणं ही नाहीच. काही गाण्यांत डीकनच्या बेसच्या जागी सिंथेसायझर आला आणि जागा सोडण्याची कला हरवली, ही आहे.

एड्‌सच्या साथीने या संगीताचं काय केलं?

एक पिढी नेली. पॅट्रिक काउली १२ नोव्हेंबर १९८२ ला गेला, तेव्हा आजाराला नीट नावही रुळलं नव्हतं. मग सिल्व्हेस्टर, व्हिलेज पीपल हा डिस्को गट उभा करणारा जाक मोराली, वॉल्टर गिबन्स. वादकांची पोकळी दुसरे वादक भरतात. डीजे आणि नाचणारे गेले की कोणतं गाणं कुठे, कसं वाजायचं ही स्मृतीच जाते, कारण ती कागदावर नव्हती. आज त्या रात्रींबद्दल जे कळतं त्यातलं पुष्कळ उरलेल्या कॅसेटींवरून.

वॅकिंग आणि व्होगिंग म्हणजे एकच का?

नाही. दोन्ही नाचाच्या शैली. वॅकिंग लॉस एंजेलिसचं, १९७०च्या दशकातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे क्लबांतलं. हात खांद्यामागून वेगाने फिरवणं आणि ठोक्यावर जुन्या सिनेतारकांसारखी मुद्रा धरणं. ‘सोल ट्रेन’ या टीव्ही कार्यक्रमातल्या टायरोन प्रॉक्टरसारख्या नर्तकांमुळे ते बाहेर पसरलं. व्होगिंग न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या बॉल स्पर्धांचं, म्हणजे क्वीअर लोकांच्या नटण्या-नाचण्याच्या स्पर्धांचं. तिथली आवडती धून फिलाडेल्फियाच्या एमएफएसबी या वादकसंचाची ‘लव्ह इज द मेसेज’. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे हात शिकतात आणि पाय विसरतात. दोन्हींत पाय आधी, ठोक्यावर.

ब्राझीलचा फंक याच घराण्यातला का?

नाव तेच, घराणं दूरचं. रिओचा फंक मायामी बेस या जड बेसच्या अमेरिकी नाच-संगीताच्या ड्रम मशीनवर उभा राहिला. त्यातही लिन दा केब्रादासारख्या ट्रान्स कलाकार आहेत, पण तो स्वतंत्र विषय.

हिंदी सिनेमातल्या डिस्कोत हा वारसा आहे का?

ध्वनी आला, संदर्भ गळाला. बंगळूरचा बिद्दू लंडनमध्ये १९७४ पासून डिस्को हिट देत होता; त्यानेच १९८० च्या ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ केलं. त्याआधी कल्याणजी-आनंदजींच्या पार्श्वसंगीतात वाह-वाह गिटार (पायाच्या पेडलने स्वर ‘वॉ-वॉ’ असा हलवणारी) आणि फंकचा ब्रास भरपूर आहे, इतका की २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजने त्यांच्या ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधल्या गाण्यांचे तुकडे उचलले. पण डिस्को आपल्याकडे पोचला तेव्हा तो चकचकीत कपड्यातल्या नायकाचा झाला होता. ज्यांनी तो घडवला त्यांची ओळख लंडनपर्यंतच पुसली गेली होती.

प्राइडच्या पार्टीसाठी फंकपासून डिस्कोपर्यंत सेट लावायचा आहे. कसा?

आधी प्रत्येक गाण्याचा वेग काढा: १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा. तीन तासांना बारा इंची गाणी असतील तर २५ ते ३० पुरतात. सुरुवात १०० ते १०५ वर करा, मग ११० ते ११२, मग ११६ ते १२०, शेवटी १३०. प्रत्येक पायरीवर किमान चार-पाच गाणी थांबा. फंककडून डिस्कोकडे जाताना मध्ये शीकसारखं एक गाणं ठेवा, ज्यात पाय सरळ आणि बेस फंकचा आहे. उलट दिशेने जाणं अवघड: चार ठोके अचानक नाहीसे झाले की फ्लोअरला वाटतं वीज गेली, आणि लोक पाणी प्यायला जातात.

वेग बदलताना ३-४ टक्क्यांच्या आत राहा. टर्नटेबलचा वेग बदलणारा खटका ८ टक्क्यांपर्यंत जातो, पण तिथे स्वर पेटीच्या एका पट्टीहून थोडा जास्त चढतो आणि गायिका पिपाणी वाटते. सॉफ्टवेअरचं की-लॉक स्वर धरून ठेवतं, पण मोठ्या बदलात ब्रासची धार बोथट करतं.

सर्वात जास्त फसतं ते जुळणीत. १९७०च्या दशकातले ड्रमर मेट्रोनोमशिवाय वाजवायचे. एकाच गाण्यात मिनिटाला दोन-तीन ठोक्यांचा फरक सहज पडतो. सॉफ्टवेअरने पहिल्या आठ आवर्तनांवरून बांधलेली ठोक्यांची चौकट तिसऱ्या मिनिटाला चुकते आणि ठोका दुहेरी ऐकू येतो. उपाय दोन: चौकट हाताने दर ३२ आवर्तनांनी पुन्हा बसवा, किंवा मिक्स आठ आवर्तनांतच उरका. येणाऱ्या गाण्याचा खालचा बेस आधी पूर्ण कापा आणि पहिल्या मात्रेवरच अदलाबदल करा; दोन बेस एकत्र वाजले की नुसती घरघर उरते. रेडिओसाठीच्या छोट्या आवृत्त्या टाळा, त्यांत सुरुवातीचे नुसते ड्रम कापलेले असतात आणि मिसळायला जागाच मिळत नाही.

भारतात जाहीर कार्यक्रमात ही गाणी वाजवायला परवाना लागतो का?

लागतो. रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी पीपीएलसारखी संस्था आणि शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस, असे दोन वेगळे पैसे असतात. हॉल घेतानाच विचारून घ्या की यातलं त्यांच्याकडे काय आहे. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर नाही.

मोबाइलवर ऐकतो तेव्हा यात विशेष काही वाटत नाही. का?

बेस गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्‌झवर वाजते. मोबाइलचा स्पीकर त्याच्या जवळपासही पोचत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे पडसाद, म्हणून चाल कळते पण वजन लागत नाही. कानभर बसणारे हेडफोन किंवा निदान आठ इंची वूफर असलेले स्पीकर घ्या, आवाज मध्यम ठेवा, आणि पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त बेस कुठे थांबतो ते पकडा.